‘पाणचट’ हा शब्द कुठे वापरावा, कसा वापरावा आणि कुठे टाळावा

शाळेत मराठी शिकवत असताना नववीतल्या एका मुलाच्या निबंधाखाली मी एकदा शेरा लिहिला होता, ‘सुरुवात चांगली. मधला भाग पाणचट झाला आहे.’ दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. ‘बाई, मी तसलं काहीच लिहिलेलं नाहीये हो,’ तो म्हणाला. त्याच्या निबंधात मला काहीतरी आचरट, चारचौघांत वाचता येणार नाही असे सापडले, असा त्याचा समज झाला होता. मला एवढेच म्हणायचे होते, की पावसावरच्या त्या निबंधातली पहिली दहा वाक्ये त्याची स्वतःची होती आणि पुढची पंधरा पान भरण्यासाठी घातलेली होती. चूक त्याची नव्हती. त्याच्या कानावर हा शब्द फक्त ‘पांचट जोक’ या जोडीतून पडलेला होता, आणि माझ्या कानावर तो पहिल्यांदा पडला तो स्वयंपाकघरात, आमटीच्या संदर्भात. हा शब्द अचूक वापरायचा असेल, तर त्याची ही दोन्ही आयुष्ये माहीत असावी लागतात आणि त्यांना जोडणारा धागाही हाती असावा लागतो.

शब्दाची घडण

‘पाणी’ हा शब्द दुसऱ्या शब्दाला जोडला जाताना बहुधा ‘पाण’ होतो; पाणवठा, पाणथळ, पाणलोट, पाणमांजर, पाणपोई हे शब्द तसेच घडले आहेत. ‘पाणचट’मधला पहिला भाग हाच आहे. त्याच्या शेवटाला जो ‘ट’ आहे, तो मात्र अधिक लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे, कारण शब्दाचा सगळा सूर त्यात आहे. तेलकट, तुपकट, धुरकट, मातकट, मळकट, पोरकट हे शब्द एकापाठोपाठ एक म्हणून पाहावेत. तेलकट म्हणजे तेल असलेले असे नव्हे. नको तिथे किंवा नको तेवढे तेल हाताला, जिभेला जाणवते, ते तेलकट. मूल मुलासारखे वागले तर त्याला कोणी पोरकट म्हणत नाही, मोठा माणूस तसा वागला की म्हणतात. याउलट ओलसर, लालसर, गोडसर यांतला ‘सर’ फक्त ‘थोडेसे’ एवढेच सांगतो, त्यात तक्रार नसते. ‘पाणचट’ हा ‘तेलकट’च्या घरातला शब्द आहे. त्यात वर्णन आहेच, पण त्याहून जास्त नापसंती आहे, आणि म्हणून तटस्थपणे माहिती द्यायची असेल तिथे तो चालत नाही.

वापरण्यापूर्वीची कसोटी

पाणचट म्हणजे ‘पाणी जास्त असलेले’ अशी व्याख्या केली, तर ती लगेच फसते. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते, कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त असते, तरी चांगल्या कलिंगडाला पाणचट म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. दुधातही सुमारे ८७ टक्के पाणीच असते. पाणी स्वतः तर कधीच पाणचट नसते. तेव्हा हा शब्द पाण्याचे मोजमाप सांगत नाही. ज्या पदार्थाकडून काही सत्त्वाची अपेक्षा होती, मग ती गोडी असो, आंबटपणा असो, दाटपणा असो की मसाल्याचा दरवळ असो, ते सत्त्व पाण्यात हरवले आणि जिभेला आधी पाणीच लागले, की तो पदार्थ पाणचट.

म्हणून हा शब्द लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आले आहे: यात काय असायला हवे होते, जे बुडाले? उत्तर देता आले, तर शब्द बरोबर बसला आहे. कलिंगडाची गोडी बुडाली, ताकाचा आंबटपणा बुडाला, विनोदातली गंमत बुडाली, निबंधातला अनुभव बुडाला. उत्तर देता येत नसेल, तर आपल्याला बहुधा दुसरा शब्द हवा आहे आणि ‘पाणचट’ हाताशी होता म्हणून आपण तो उचलला आहे. फळांच्या बाबतीत ही कसोटी फार चपखल लागू पडते. फळ पिकण्याच्या सुमारास पाऊस झाला, की झाड जास्त पाणी ओढून घेते, फळ आकाराने भरते पण त्या मानाने साखर उतरते, आणि असे फळ खाणारा ‘यंदा पाणचट आहे’ असे म्हणतो. तिथे नेमके काय बुडाले, हे कोणीही सांगेल.

स्वयंपाकघरातले शेजारी शब्द

या शब्दाची सर्वांत जास्त गल्लत ‘पातळ’शी होते. पातळ हे घनतेचे साधे वर्णन आहे. त्याच्या विरुद्ध बाजूला घट्ट किंवा दाट उभे आहेत, आणि त्यात दोष असलाच पाहिजे असे नाही. आपल्याकडे ‘पातळ भाजी’ हा पदार्थच आहे. अळूची पातळ भाजी करताना पाने आणि देठी शिजवून घेतात, डाळीचे पीठ लावून घोटतात, चिंच, गूळ, शेंगदाणे, भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालतात, आणि सगळे एकजीव झाल्यावर ती वाटीत पळीने वाढण्याइतकी पातळच असावी लागते. पण पीठ लावायचे राहिले किंवा भाजी नीट घोटली गेली नाही, तर अळूचा चोथा तळाशी बसतो, वर हिरवट पाणी तरंगते आणि घास घेतला की आधी ते पाणी तोंडात येते. आता ती भाजी पाणचट झाली. पहिली भाजी पातळ असूनही पाणचट नव्हती, आणि दुसरीला नुसते पातळ म्हटले तर तिचा दोष सांगितलाच गेला नाही. या दोन शब्दांतला फरक मला एवढ्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा पदार्थ आठवत नाही. ताकाचेही थोडेफार तसेच आहे. पातळ ताक उन्हाळ्यात मुद्दाम करतात, पाणचट ताक मुद्दाम कोणी करत नाही.

‘अळणी’ हा शब्द संस्कृतातल्या ‘अलवण’वरून आला आहे, म्हणजे मीठ नसलेला. घट्ट पिठलेही अळणी असू शकते, त्यामुळे पाण्याशी या शब्दाचा संबंध नाही. ‘फिका’ हा रंगावरून आणि चवीवरून, दोन्ही बाजूंनी वापरता येतो, आणि चहाच्या बाबतीत तो घोटाळा करतो, कारण फिका चहा म्हणजे एखाद्याला कमी साखरेचा वाटतो तर दुसऱ्याला कमी पावडरीचा. पाणचट चहा म्हटले, की असा घोटाळा होत नाही. तो नीट उकळलेला नाही, दूध किंवा पावडर हात राखून घातली आहे, एवढे ऐकणाऱ्याला कळते. साखर त्यात कितीही असो. उलट दुधातुपाने भरलेला पदार्थसुद्धा ‘मिळमिळीत’ असू शकतो, कारण मिळमिळीत म्हणजे तिखटमिठाचा, फोडणीचा जोर नसलेला. ‘सपक’ हा मिळमिळीतचा जवळचा भाऊ आहे, आणि रुग्णाच्या जेवणाबद्दल बोलताना तो जास्त ऐकू येतो. ‘पचपचीत’मध्ये मात्र पाणी आहे: भाजीला सुटलेले पाणी आटलेले नाही, फोडी लिबलिबीत झाल्या आहेत, अशा भाजीसाठी तो राखून ठेवावा. पचपचीत हा शब्द तोंडातल्या स्पर्शाकडे बोट दाखवतो आणि पाणचट चवीकडे, असे मला वाटते, जरी घरोघरी या दोघांची अदलाबदल होत असते.

आणि ‘फुळकवणी’. हे नाम आहे, विशेषण नव्हे, आणि त्याच्या शेवटचे ‘वणी’ म्हणजे पाणीच. गुळवणी म्हणजे गुळाचे पाणी, येळवणी म्हणजे पुरणाची डाळ शिजवून निथळलेले पाणी, ज्याची आमटी करतात. गुळवणी आणि येळवणी हे मानाचे पदार्थ आहेत. फुळकवणी ही मात्र निव्वळ तक्रार आहे. ‘आमटी पाणचट झाली आहे’ म्हणणाऱ्याला आमटीत थोडी तरी आमटी सापडलेली असते, ‘ही आमटी नव्हे, फुळकवणी आहे’ म्हणणाऱ्याने ती आशाही सोडलेली असते. असा शब्द नव्या पिढीच्या बोलण्यातून नाहीसा होऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण त्याची जागा घेणारा दुसरा शब्द आपल्याकडे नाही.

दुधाच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘दूध पाणचट आहे’ हा जिभेने दिलेला अभिप्राय आहे आणि ‘दुधात पाणी घातले आहे’ हा माणसावर केलेला आरोप आहे. जनावराचा चारा, ऋतू, विण्यानंतर उलटलेला काळ यांनीही दुधाचा दाटपणा बदलतो, आणि गाईचे दूध म्हशीच्या दुधापेक्षा मुळातच पातळ असते. तक्रार अर्ज लिहिताना किंवा बातमी लिहिताना ही सीमा पाळावी. चवीबद्दल सांगायचे असेल तर ‘पाणचट’ लिहावे, आणि ‘भेसळ’ हा शब्द तपासणीचा निकाल हाती असेल तेव्हाच लिहावा.

कोणाला म्हणावे आणि कसे म्हणावे

या शब्दात नापसंती असल्यामुळे तो तोंडावर म्हणताना नात्याचा विचार करावाच लागतो. आपणच केलेल्या पदार्थाला पाणचट म्हणण्यात काही अडचण नाही, उलट करणारीने आधीच ‘आज आमटी जरा पाणचट झालीय हं’ म्हटले की जेवणारे सैलावतात. दुसऱ्याच्या हातच्या पदार्थाला मात्र ‘पातळ’ म्हणावे. ‘वहिनी, आमटी किंचित पातळ झालीय का?’ या वाक्यात तोच अभिप्राय आहे, पण पातळ हे वर्णन असल्यामुळे ऐकणारीला ‘हो, पाहुणे वाढले म्हणून पाणी वाढवलं’ असे सहज म्हणता येते. ‘वहिनी, आमटी पाणचट झालीय’ या वाक्याला असे उत्तर देता येत नाही. तिथे एकतर माफी मागावी लागते किंवा गप्प बसावे लागते. आईशी, पाठच्या बहिणीशी, जुन्या मैत्रिणीशी बोलताना हे बंधन सैल असते, आणि ते सैल असणे हेच त्या नात्याचे लक्षण असते.

व्याकरणाच्या दोन-तीन गोष्टी

हे अविकारी विशेषण आहे. लिंग, वचन किंवा विभक्ती बदलली तरी ते बदलत नाही. पाणचट चहा, पाणचट आमटी, पाणचट ताक, पाणचट आंबे, पाणचट ताकाला, पाणचट विनोदांनी. ‘फिका’ आणि ‘लेचापेचा’ यांच्यासारखी त्याची रूपे होत नाहीत. चवीबद्दल सांगताना ‘लागणे’ हे क्रियापद घ्यावे: ‘सरबत पाणचट लागते.’ ‘सरबताची चव पाणचट आहे’ हे चूक नाही, पण बोलणारा मराठी माणूस सहसा असे म्हणत नाही. बिघाड सांगायचा असेल तर ‘पाणचट होणे’, आणि मत सांगायचे असेल तर ‘पाणचट वाटणे’ हे प्रयोग रूढ आहेत. नाम हवे असेल तर ‘पाणचटपणा’ करावे.

उच्चारात ‘च’ हा ‘चटणी’तला आहे, ‘चंद्र’मधला नव्हे.

‘पांचट’ आणि विनोद

‘पाणचट’ भरभर म्हटले, की ‘ण’मधला अकार गळतो आणि उरलेले अनुनासिक पुढच्या ‘च’ला चिकटते, ‘पांचट’ हा उच्चार त्यातूनच रूढ झाला असावा, कारण दोन्ही शब्दांचा गाभा एकच आहे. जुन्या पुस्तकांत ‘पाच’ हा आकडासुद्धा ‘पांच’ असा लिहिलेला सापडतो, पण तिथला अनुस्वार उच्चारला जात नव्हता, आणि असे अनुच्चारित अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या लेखननियमांनी काढून टाकले. ‘पांचट’मधला अनुस्वार स्पष्ट ऐकू येतो, म्हणून तो लिहिणे नियमाला धरूनच आहे. माझा सल्ला असा, की पदार्थ, लेखन, भाषण यांबद्दल लिहिताना ‘पाणचट’ लिहावे, आणि संवादात, विनोदाच्या संदर्भात, तरुण पात्रांच्या तोंडी ‘पांचट’ ठेवावे. कथेतला महाविद्यालयीन मुलगा मित्राला ‘पाणचट विनोद करू नकोस’ म्हणाला, तर तो पुस्तकातून बोलतो आहे असे वाटते. तो ‘पांचटपणा बंद कर ना’ असेच म्हणेल.

आता विनोद पाणचट कशाने होतो ते पाहू. एकजण म्हणतो, ‘मला रोज संध्याकाळी ताप येतो.’ दुसरा म्हणतो, ‘मग त्याला येऊ नको म्हणून सांगा.’ यात ‘येणे’ या क्रियापदाचा अर्थ फिरवला आहे, पण फिरवल्यावर हाती काही लागत नाही. तापाबद्दल, माणसाबद्दल, कशाबद्दलही नवे काही दिसत नाही. हा पाणचट विनोद झाला. दुसरे उदाहरण घेऊ. निवडणुकीच्या बातम्या चालू आहेत, आजी मेथी निवडत बसली आहे, आणि मान वर न करता ती म्हणते, ‘आम्ही निवडताना किडकं बाजूला काढतो बाबा.’ इथेही शब्दावरच कोटी आहे, पण ‘निवडणे’चे दोन्ही अर्थ त्या क्षणी खरे आहेत आणि एकमेकांवर प्रकाश टाकतात. म्हणून कोटी म्हणजे पाणचट असे सरसकट म्हणणे हा कोटीवर अन्याय आहे. चांगल्या कोटीलाही पाणचट करण्याचा एक हमखास मार्ग आहे, तो म्हणजे ती समजावून सांगणे. आजीने ‘म्हणजे पुढारी हो’ असे पुढे जोडले असते, तर तिच्याच वाक्यात तिने पाणी ओतले असते.

विनोदाला नावे ठेवण्यासाठी आपल्याकडे एवढे शब्द आहेत, की सगळ्यांचे काम ‘पांचट’वर टाकण्याचे कारण नाही. शृंगाराकडे झुकणारा पण खेळकर तो चावट. खोडी काढणारा तो वात्रट. तारतम्य सुटलेला तो आचरट. ज्यात बडबडच आहे तो बाष्कळ. अलीकडे ‘पांचट’ हा शब्द चावट किंवा अश्लील या अर्थानेही ऐकू येतो, आणि माझ्या विद्यार्थ्याचा समज त्यातूनच झालेला होता. बोलण्यात हा अर्थ आता रुजला आहे, तो नाकारून उपयोग नाही, परंतु लेखी मराठीत अश्लीलतेबद्दल तक्रार करायची असेल तर अश्लील असेच स्पष्ट लिहावे. ‘पांचट’ लिहिल्याने गंभीर तक्रार सौम्य होऊन जाते, आणि ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याला ‘गंमत होती’ म्हणून सुटायला वाट मिळते.

‘उथळ’ आणि ‘थिल्लर’ हेही पाण्यातूनच आलेले शब्द आहेत. थिल्लर म्हणजे मुळात डबके, आणि ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे. पण या दोन्ही शब्दांचा रोख खोलीवर आहे आणि पाणचटचा रोख सत्त्वाच्या प्रमाणावर आहे. उथळ विवेचन विषयाच्या पृष्ठभागावरच राहते, मग ते कितीही चटपटीत असो. पाणचट विवेचनात मूळ मुद्दा चांगला असू शकतो, पण दोन परिच्छेदांचा ऐवज दहा पानांत पसरलेला असतो. पुस्तकाचे परीक्षण लिहिताना हा फरक पाळला, तर लेखकाला आपले नेमके काय चुकले ते कळते: एकाला अधिक अभ्यास करावा लागेल, दुसऱ्याला फक्त काटछाट करावी लागेल.

लेखनाबद्दल म्हणताना

लेखन वाढवण्याला आपण ‘पाणी घालणे’ असेच म्हणतो, त्यामुळे पाणचट लेखन हा प्रयोग मराठीत परका वाटत नाही. त्या मुलाच्या वहीतली दोन वाक्ये मला अजून आठवतात. सुरुवातीला त्याने लिहिले होते, ‘पत्र्यावर पाऊस सुरू झाला की आजोबा रेडिओचा आवाज वाढवत नाहीत, रेडिओ बंदच करतात.’ आणि पुढच्या पानावर होते, ‘अशा प्रकारे पाऊस हा सर्वांच्याच जीवनातील एक अतिशय महत्त्वाचा घटक असून त्याच्यामुळे सगळीकडे आनंदीआनंद पसरलेला आपल्याला पाहायला मिळत असतो.’ दुसऱ्या वाक्यात एकही शब्द चुकीचा नाही, शुद्धलेखनही बरोबर आहे, पण ‘अशा प्रकारे’, ‘अतिशय’, ‘घटक’, ‘पाहायला मिळत असतो’ हे सगळे काढले तर ‘पावसाने आनंद होतो’ एवढेच उरते, आणि ते तर त्याने आजोबांच्या वाक्यात आधीच, कितीतरी चांगले सांगितले होते.

त्या दिवशी मी त्याच्यासमोरच शेरा खोडला आणि नवा लिहिला: ‘पहिल्या पानावर आजोबा आहेत, दुसऱ्या पानावर ते हरवले आहेत. त्यांना परत आण.’ तेव्हापासून मी कोणाच्याही लेखनाला नुसते पाणचट म्हणून थांबत नाही. काय बुडाले ते लगेच पुढच्या वाक्यात लिहिते. ज्यांना इतरांचे लेखन तपासावे लागते, त्यांनी ही सवय लावून घ्यावी. नुसते ‘पाणचट’ एवढेच वाचून लिहिणाऱ्याला अपमान कळतो, दुरुस्ती कळत नाही.

माणसाबद्दल म्हणताना

पाणचट माणूस म्हणजे दुबळा माणूस नव्हे. तो पाणचट बोलणारा, पाणचट विनोद करणारा माणूस असतो, आणि मित्रमंडळींत तर ‘पांचट आहेस तू’ हे लाडानेही म्हटले जाते. ज्याच्या अंगात किंवा वागण्यात जोर नाही, त्याच्यासाठी लेचापेचा. ज्याला ठाम मत नाही, तो मिळमिळीत. वेळ आली की कच खाणारा, तो पुळचट किंवा शेळपट. हो-नाहीच्या मध्ये रेंगाळणारे उत्तर गुळमुळीत असते, पाणचट नसते.

आणि ‘पाणीदार’ हा शब्द दिसायला पाणचटचा सख्खा भाऊ असला, तरी अर्थाने पार पलीकडच्या काठावर आहे. पाणीदार मोती म्हणजे तेज असलेला, पाणीदार माणूस म्हणजे करारी. तलवारीला पाणी देतात, प्रतिस्पर्ध्याचे पाणी जोखतात, वेळ आली की पाणी दाखवतात. आतले, अंगचे पाणी म्हणजे तेज, आणि वरून ओतलेले पाणी म्हणजे सत्त्वाचा नाश, असा मराठीचा विलक्षण हिशेब आहे. हल्ली जलसंधारण झालेल्या गावाला ‘पाणीदार गाव’ म्हणतात, त्यात भरपूर पाणी असलेले आणि कर्तबगार हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, म्हणूनच ती जोडी इतक्या लवकर रुळली असावी.

भाषांतर करणाऱ्यांसाठी

इंग्रजीतून मराठीत आणताना हा शब्द सर्वांत जास्त घसरतो, कारण तिथे दुबळ्या, विरळ किंवा पाणी मिसळल्यासारख्या वाटणाऱ्या अनेक गोष्टींना weak, thin, watery अशी मोजकीच विशेषणे चालतात आणि मराठीत प्रत्येकीसाठी वेगळे असते. रसायनशास्त्रात पाणी मिसळून प्रमाण कमी केलेले आम्ल ‘विरल’ असते आणि त्याच्या उलट ‘संहत’. स्वभावतःच कमी जोराचे आम्ल ‘सौम्य’ असते आणि त्याच्या उलट ‘तीव्र’. या दोन जोड्यांची सरमिसळ करू नये, आणि प्रयोगवहीत पाणचट तर मुळीच लिहू नये. केस, वस्ती आणि डोंगरमाथ्यावरची हवा यांना ‘विरळ’ म्हणावे. वैद्यकीय मजकुरात शौच पातळ होते आणि काही औषधांनी रक्त पातळ होते. कायद्याची धार कमी केली तर कायदा बोथट होतो. युक्तिवाद आणि सबब लंगडी असते. बांधकाम तकलादू असते. ढगाआडून आलेले ऊन फिके असते. आजारी माणसाचे हसू क्षीण असते. यांपैकी एकाही ठिकाणी ‘पाणचट’ बसत नाही, कारण कशातही चव बुडालेली नाही.

डोळ्यांच्या बाबतीत तर विशेष जपावे लागते. डोळ्यांच्या औषधाबरोबर आलेल्या एका माहितीपत्रकात लक्षणांच्या यादीत मी ‘पाणीदार डोळे’ असे छापलेले वाचले आहे. मराठीत ती स्तुती झाली, आणि ती वाचून औषध घालावे की घालू नये असा प्रश्न एखाद्या वयस्कर वाचकाला खरोखर पडू शकतो. गहिवराने भरलेले डोळे ‘पाणावलेले’ असतात, तेजस्वी डोळे ‘पाणीदार’ असतात, आणि विकार सांगायचा असेल तर विशेषणाच्या नादी न लागता ‘डोळ्यांतून सतत पाणी येणे’ असे सरळ लिहावे.